राणीसारखं ठेवीन

नवरा पळून गेलाय, ही गोष्ट पाववालीला सगळ्यात शेवटी कळली. समोरच्या न्हाव्याला ती आधीच ठाऊक होती. त्या सकाळी तिचा नवरा त्याच्या खुर्चीत केस रंगवायला बसला होता आणि डोळे मिटून म्हणाला होता, "जरा पक्का रंग लाव. आता बरेच दिवस तुझ्याकडे येणं व्हायचं नाही." न्हाव्याने ते शेजारच्या शिंप्याला सांगितलं, शिंप्याने बायकोला, आणि दिवस मावळेपर्यंत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बातमी पोचली. पाववाली मात्र दुकानात उभी राहून त्याचा चहा बशीने झाकून ठेवत होती. धंद्याच्या कामाला गेलेत, येतीलच, असं विचारणाऱ्याला सांगत होती.

तिच्या नवऱ्याला सगळे अत्तरमियाँ म्हणत. दिसायला देखणा, बोलायला त्याहून देखणा, आणि कामाचं नाव काढलं की अंगाला काटा येणारा. अत्तराचा मोठा व्यापार करायचं त्याच्या मनात होतं. तोवर सगळा माल तो स्वतःच्याच अंगाला लावी. त्याला गल्ल्यावर बसवला की पावांना गुलाबाचा वास लागायचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ पिशवीभर पाव परत घेऊन आले. "बेटी," ते म्हणाले, "हे खायचे की कानात घालायचे, तेवढं सांग."

बेकरी तिच्या वडिलांची. तिला बहीणभाऊ नाहीत, आई लहानपणीच गेलेली. अब्बांनी पिठाच्या पोत्यांवर झोपवून तिला वाढवलं. लग्न ठरलं तेव्हा बेकरीतली जुनी भट्टी तडकून धूर ओकत होती. सासरे गवंडी. भला माणूस. निकाहात मेहेर काय ठरवायचा यावर दोन्हीकडची मंडळी घासाघीस करत बसली होती, तेव्हा ते हातातला पेला खाली ठेवून म्हणाले, "माझा मुलगा काय देईल ते मला माहीत आहे. मी भट्टी बांधून देतो. तोच मेहेर." मेहेर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, फक्त तिच्याच हक्काची गोष्ट. काझीसाहेबांनी चष्मा वरखाली करून पाहिलं, दाढी कुरवाळली आणि लिहून टाकलं: पक्क्या विटांची एक भट्टी, चिमणीसकट. सासऱ्यांनी ती इतकी सुरेख बांधली, की आतला पाव सगळीकडून सारखा फुगायचा. वर्षाच्या आत ते वारले. भट्टी राहिली.

नवरा गेल्यावर पहिले काही महिने पाववालीने वाट पाहिली. मग अब्बा आजारी पडले. तिने ओळखीच्या प्रत्येकाकडून निरोप धाडले. त्यातला एक तरी त्याला पोचला होता, कारण निरोप नेणाऱ्याने परत येऊन खाली मान घालून सांगितलं, "स्टेशनवर ओझरते भेटले. ऐकून घेतलं त्यांनी. 'अरेरे' म्हणाले." अब्बा गेले. तो आला नाही. त्या दिवशी तिने त्याचा कप उचलला आणि त्यात यीस्ट भिजत घातलं. तेव्हापासून तो यीस्टचाच कप झाला.

दुःख होतं, पण रडत बसायला सवड नव्हती. लोक मात्र सोडत नव्हते. पाव घ्यायचा आणि विचारायचं, "आला का गं?" सकाळी तेच, संध्याकाळी तेच. दुसरं वर्ष असंच सरत आलं तेव्हा एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "आला ना. हा काय, भट्टीत घातलाय. तुम्हाला कुठला भाग देऊ?"

विचारणाऱ्या बाईंनी हातातला पाव तिथेच ठेवला आणि पायाला पाय लावून पळाल्या.

मागे पीठ चाळत बसलेली खाला चाळणी टाकून पुढे आली. खाला म्हणजे पाववालीच्या आईची धाकटी बहीण; अब्बा गेल्यापासून तिच्याकडेच राहायला आलेली. ठेंगणी, गोल, आणि जिभेला अजिबात हाड नसलेली.

"अशी बोलायला लागलीस म्हणजे आता वकिलाकडे जायला हवं," खाला म्हणाली. "नाहीतर पोलीस येतील."

वकीलबाईंचं ऑफिस एका दातांच्या डॉक्टरच्या वर होतं. खालून मधूनच कुणाची तरी किंकाळी येई आणि वकीलबाई न दचकता बोलत राहत. मोठ्या चौकटीचा चष्मा, टेबलावर फायलींचे डोंगर, आणि डोंगरामागे एक बिस्किटांचा डबा.

"लग्नाच्या वेळी काही अट लिहून घेतली होती का?" त्यांनी विचारलं. "नवरा सोडून गेला तर बायकोने स्वतःच तलाक घ्यावा, तसा हक्क नवऱ्याने तिला आधीच देऊन ठेवावा, असं काही?"

"चिमणीसकट, एवढंच लिहिलंय," पाववाली म्हणाली.

"ती अट लिहून घेता येते हे कुणी सांगतच नाही मुलींना." त्यांनी एक बिस्किट उचललं. "मग बघ. तो तलाक देईल याची वाट बघत बसलीस तर केस पांढरे होतील. पोटगी मागता येईल, पण त्याने तू मोकळी होत नाहीस. दुसरा मार्ग खुला. म्हणजे तू म्हणायचं, मला सोड, आणि त्याने हो म्हणायचं. पण खुलामध्ये बहुतेक वेळा बायकोला मेहेर परत करावा लागतो."

पाववाली आणि खालाने एकमेकींकडे पाहिलं.

"भट्टी?" खालाने विचारलं.

"मेहेर भट्टी असेल तर भट्टी."

"तिसरं सांगा," पाववाली म्हणाली.

"तिसरा फस्ख. नवरा सांभाळत नाही, खायला घालत नाही, तोंड दाखवत नाही, असं कोर्टापुढे सिद्ध करायचं आणि न्यायाधीशांनी निकाह तोडायचा. त्याची परवानगी लागत नाही. मेहेर तुझाच राहतो. त्याचा पत्ता माहीत नाही ना? मग पेपरात जाहीर नोटीस देऊ. तो नाही आला, तर आपलं काम सोपं. तो येऊ नये एवढीच दुआ कर. नोटिशीबरोबर छापायला एक फोटो आण त्याचा. ओळख पटेल असा."

आता इथे पाववालीने शहाणपणा केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. घरी लग्नातले फोटो ढीगभर होते: शेरवानीतला, सोफ्यावरचा, हनुवटीखाली मूठ धरलेला. पण तिच्याकडे आणखी एक फोटो होता. एका दुपारी अत्तरमियाँ केसांना रंग लावून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून, पिठाच्या पोत्यावर आडवा झाला होता. तोंड उघडं, एका गालावर पीठ, कानावरून रंगाचा काळा ओघळ. तिने तो फोटो हसून हसून काढला होता, तेव्हा ती अजून हसत असे.

"हा दे," खाला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

"ओळख पटली पाहिजे म्हणाल्यात त्या," पाववाली म्हणाली. "मला तर तो असाच ओळखीचा आहे."

पेपर छापून आला आणि न्हाव्याच्या दुकानात लोक रांग लावून तो बघायला लागले. न्हाव्याने कात्रण आरशावर चिकटवलं. रंग आपल्याच दुकानातला आहे हे तो अभिमानाने सांगत होता. पाववालीला त्या दिवशी जरा मोकळं वाटलं.

आठवडाही गेला नसेल, तोच दुकानात गुलाबाचा वास आला. तिने मान वर केली. अत्तरमियाँ दारात उभा. हातात पेपर, आणि तळपायाची आग मस्तकात गेलेली.

"हा फोटो?" तो ओरडला. "सगळ्या जगात हाच फोटो मिळाला तुला?"

दोन वर्षं कुठे होतास, अब्बा गेले ते कळलं का, तू कशी आहेस, यातलं एक अक्षर नाही. नंतर हळूहळू उलगडलं ते असं, की दूरच्या एका गावात तो स्वतःला विधुर म्हणवून घेत होता. त्याचं दुःख बघून तिथल्या बायाबापड्या हळहळत, त्याला जेवायला बोलवत, भरपूर अत्तर विकत घेत. आणि एका सकाळी त्याच्या मेलेल्या बायकोने पेपरात नोटीस दिली, ती पण असल्या फोटोसकट. गावाने त्याला हाकलून लावला होता.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, तो येऊ नये अशी दुआ कर म्हटलं होतं मी. तू तर त्याला आमंत्रण धाडलंस! आता कोर्टात तो म्हणेल, मी सोडलंच नव्हतं, नांदवायला तयार आहे. मग फस्ख कसला मागायचा?"

 आपल्याच हाताने आपण माती खाल्ली, हे पाववालीला कळून चुकलं.

झालंही तसंच. कौटुंबिक कोर्टातली खोली लहान होती, बाकं अरुंद, आणि न्यायाधीशांना सर्दी झाली होती. अत्तरमियाँ नवा शर्ट घालून, छातीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या वासाने न्यायाधीश शिंकले.

"साहेब," तो म्हणाला, "पोटासाठी परगावी गेलो, हा काय गुन्हा झाला? माझं बायकोवर प्रेम आहे. आजपासून मी तिला राणीसारखं ठेवीन. आणि तिला नसेलच राहायचं, तर मी काही बांधून ठेवणारा माणूस नाही. खुला घेऊ दे. माझी भट्टी मला परत द्यावी."

"भट्टी?" न्यायाधीशांनी कागद बघितला. "विटांची, चिमणीसकट. ही तुम्ही नेणार कशी?"

"नेईन कशाला? आहे तिथेच राहील. मी दुकानच चालवीन. ती बाहेर जाईल."

खाला बाकावरून उठायला लागली, तिला वकीलबाईंनी पदर धरून खाली बसवलं. पाववाली उठली, तिला मात्र कुणी धरलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "मला मंजूर आहे."

"काय मंजूर आहे? खुला?"

"नाही. ते राणीसारखं ठेवणार म्हणालेत ना? ठेवू दे. मी तयार आहे."

वकीलबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. अत्तरमियाँचा चेहरा क्षणभर त्या फोटोतल्यासारखा झाला. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हातारा माणूस, हजार भांडणं पाहिलेला. त्याच्या ओठांचा कोपरा हलला की काय, असं पाववालीला वाटलं.

"उत्तम," ते म्हणाले. "मग रीतीप्रमाणे दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ नेमू. बाईंकडून कोण? या खाला? बरं. आणि तुमच्याकडून?"

अत्तरमियाँचं जवळचं असं एकच माणूस उरलं होतं: त्याची मोठी बहीण, शाळेत कवायत शिकवणारी. उंच, धिप्पाड, गळ्यात कायम शिट्टी. तिचं नाव सांगताना त्याचा आवाज बसला.

"पुढच्या तारखेपर्यंत," न्यायाधीश म्हणाले, "राहायला घर, खाणंपिणं, कपडालत्ता, सगळं तुम्ही बघायचं. ती बेकरी बाईंच्या वडिलांची आहे, तिथे जाऊन बसाल तर त्याला ठेवणं म्हणत नाहीत. जागा तुम्ही घ्यायची. मध्यस्थांनी बघून मला सांगायचं."

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी पाववालीला जिन्यात गाठलं. "काय करते आहेस तू? आणि त्याने खरंच ठेवलं तर?"

"तर चांगलंच आहे की," पाववाली म्हणाली. "मला कधीचं बसून राहायचंय."

अत्तरमियाँने लाँड्रीच्या वरची एक खोली घेतली. खालून इस्त्रीची वाफ वर येई, नळ खाली अंगणात, आणि मालक लाँड्रीवाला असा, की जिन्यावर पाणी सांडलं तर नाकातून गाऱ्हाणं गात बसे. पाववाली आली ती हातात एक पिशवी आणि मागे खाला घेऊन. खालाने स्वतःची उशीही आणली होती.

"हिला कशाला आणलीस?"

"मध्यस्थ आहे मी, जावईबुवा," खाला म्हणाली. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय साहेबांना काय सांगू? माझं अंथरूण कुठे?"

खिडकीपाशी खाट होती. पाववाली तिच्यावर बसली, चपला काढल्या आणि पाय लांब केले. मग ती बसूनच राहिली.

दुपार झाली. अत्तरमियाँ म्हणाला, "जेवायचं काय?"

"तेच मी विचारणार होते," ती गोड आवाजात म्हणाली. "राणीला भूक लागलीय."

त्याला पहिल्यांदा वाटलं ही थट्टा आहे. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की थट्टा तर आहेच, पण संपणारी नाही. पाणी तो भरू लागला. भाजी तो आणू लागला; आणलेली सडकी निघाली की खाला ती नाकाशी धरून "सुभानल्ला" म्हणे आणि परत करायला पाठवी. पाववालीने आयुष्यात पहिल्यांदा मासिकं वाचली. नखं वाढवली. दुपारी झोपून पाहिलं आणि तिला ते भलतंच आवडलं. ती त्याच्याशी भांडली नाही, टोमणा मारला नाही, एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त मधूनमधून म्हणायची, "अहो, खिडकी जरा लावता का? राणीला ऊन लागतंय."

आणि बेकरी बंद होती. हे त्याने धरलंच नव्हतं. दारावर तिने पाटी लावली होती: "नवरा आला आहे. त्यामुळे पाव मिळणार नाही." रस्त्याचा सकाळचा चहा कोरडा झाला. तो बाहेर पडला की न्हावी वस्तरा उंचावून विचारी, "काय मियाँ, आमचा पाव कधी सोडताय?" शिंप्याची बायको वरून विचारी. ते गुलाबाच्या पावाची तक्रार घेऊन आलेले म्हातारे गृहस्थ काठी आपटत थेट लाँड्रीपर्यंत आले आणि जिन्याखालून म्हणाले, "बेटा, दोन वर्षं गेला होतास तेव्हा सगळं कसं छान चाललं होतं."

नणंद रोज संध्याकाळी शाळा सुटली की तपासणीला येई. तिची पावलं जिन्यावर वाजली की अत्तरमियाँ आपोआप ताठ उभा राही, लहानपणापासूनची सवय. ती भांड्यांवरून बोट फिरवी, माठात डोकावे, आणि पाववालीसमोर खुर्ची ओढून बसे. पहिल्या दिवशी दोघींमध्ये अवघडलेपण होतं. नणंद थोडा वेळ शिट्टीशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "भाभी, तुझे अब्बा गेले तेव्हा मी आले होते. मागे उभी होते. पुढे यायला तोंड नव्हतं मला."

"मी पाहिलं होतं तुम्हाला, आपा," पाववाली म्हणाली.  कोपऱ्यात भावाच्या हातून पातेलं पडलं, तेव्हा दोघींनी एकदमच "सांभाळून!" म्हटलं आणि हसल्या.

पण अत्तरमियाँ मूर्ख नव्हता. काही दिवस नाकी नऊ आल्यावर त्याने डाव बदलला. एका सकाळी त्याने न सांगता चहा केला, आणि तो चांगला झाला. अंडी तळली, ती करपली नाहीत. मग त्याने लाँड्रीवाल्याची नक्कल केली: नाकात बोलत, खांदे पाडत, बादलीला "अरे बाई, थेंब, थेंब सांडला गं" म्हणत. पाववालीला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. हाच तो, तिला वाटलं. याच्याशीच मी लग्न केलं होतं. वाफेने धूसर झालेल्या खिडकीपाशी तो उभा होता, बाह्या वर केलेल्या, कपाळावर घाम. अत्तराचा नाही, चांगला घामाचा वास येत होता त्याला.

त्या दुपारी खालाने तिला कोपऱ्यात घेतलं. "हसलीस."

"हसू आलं, हसले."

"मी काही म्हणत नाही. मला फक्त सांग, उशी घेऊन मी घरी जाऊ का?"

पाववालीने उशी उचलली आणि परत खाली ठेवली. तिला खरंच माहीत नव्हतं. आपण दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर आपलाच पाय घसरतोय की काय, अशी तिला भीती वाटायला लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती भीती तितकीशी वाईट लागत नव्हती.

अत्तरमियाँला माणसाच्या मनाचा वास बरोबर लागे. दुसऱ्याच दिवशी तो खाटेजवळ येऊन बसला, तिचा हात हातात घेऊन वाढलेली नखं बघत म्हणाला, "किती मऊ झालेत हात. असंच राहू या ना आपण. झालं गेलं विसर. कोर्टाला सांगू, जमलं आमचं."

 हात तिने काढून घेतला नाही.

"आणि मग बेकरी उघडू," तो रंगात येऊन म्हणाला. "मी गल्ल्यावर बसेन. बाहेर मोठी पाटी लावू, माझ्या नावाची. एका बाजूला अत्तराचं कपाट. मी गिऱ्हाइकांशी बोलेन, तू आत..."

"मी आत काय?"

"तू आत भट्टीपाशी. ते काम तुझ्यासारखं कुणाला येतं?"

"आणि पीठ कोण मळेल?"

"तूच की."

"आणि पहाटे उठून लाकडं?"

"अगं, सवयच आहे तुला."

पाववालीने हात काढून घेतला. रागाने नाही, झोपेतून जाग आल्यावर माणूस काढून घेतो तसा. अब्बा आजारी असल्याचा निरोप ऐकून याने "अरेरे" म्हटलं होतं, ते तिला आत्ता, इथे बसून, पहिल्यांदा त्याच्या आवाजात ऐकू आलं. आणि ते ऐकल्यावर तिला रडू आलं नाही. उलट डोक्यातलं सगळं कसं लख्ख झालं.

"विचार छान आहे," ती म्हणाली. "पण त्याला वेळ आहे. आधी राणीला आंघोळीला गरम पाणी हवंय. खालालाही. आणि आज आपा इथेच जेवणार आहेत, त्यांना भूक जबरदस्त लागते."

त्या दिवसापासून तिने हात सैल सोडला नाही. चादरी रोज बदलायच्या, कारण राणीला धुतलेली चादर लागते. खालाला पायावर तेल चोळून हवं. चोळताना ती आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगे आणि प्रत्येक गोष्ट अर्ध्यात विसरून पहिल्यापासून सुरू करी. नणंद दारात उभी राहून म्हणे, "कोपर सरळ! पाठीतून वाक!" अत्तरमियाँचे केस मुळांशी पांढरे दिसू लागले. न्हाव्याकडे जायला त्याला सवड मिळेना, आणि तो गेला तरी न्हावी पाव मिळाल्याशिवाय रंग लावणार नव्हता. त्याच्या अंगाचा गुलाब उडून गेला. तिथे साबण, कांदा आणि फिनेल.

तारखेच्या दिवशी खोलीत बाकं भरली होती. न्हावी दुकान बंद करून आला होता. न्यायाधीशांची सर्दी बरी झाली होती. त्यांनी अत्तरमियाँकडे निरखून पाहिलं, हवेत जरा वास घेऊन पाहिला, आणि आश्चर्याने मान हलवली.

"काय मग," ते म्हणाले, "ठेवलंत राणीसारखं?"

अत्तरमियाँने तोंड उघडलं. तो फुशारकी मारणार हे पाववालीला दिसत होतं. छातीवर हातसुद्धा गेला होता. हो म्हणाला असता तर काय, हे तिलाही माहीत नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात त्याची नजर पहिल्या बाकावर गेली. तिथे खाला बसली होती, आणि तिच्या मांडीवर तिची उशी होती.

"साहेब," त्याने विचारलं, "हो म्हटलं तर हे किती दिवस चालवायचं?"

"किती दिवस?" न्यायाधीश म्हणाले. "लग्न आहे ते. जन्मभर."

छातीवरचा हात खाली आला.

"मला नाही जमत," तो म्हणाला. आवाज इतका लहान, की न्यायाधीशांना पुढे वाकावं लागलं.

"मोठ्याने सांगा."

"मला नाही जमत, साहेब. ठेवायला. मी तो माणूसच नाही." मग उरलासुरला तोरा गोळा करून तो म्हणाला, "पण भट्टी..."

नणंद उठली. तिचा हात शिट्टीकडे गेला आणि कोर्टाचा शिपाई घाबरून धावला, पण तिने शिट्टी फक्त घट्ट धरली.

"साहेब, मी याच्या बाजूची मध्यस्थ," ती म्हणाली. "याच्याच बाजूने बोलते. हा गेला तेव्हा मला सांगून गेला होता, की याला आता कंटाळा आलाय. तिच्या वडिलांच्या मातीला आला नाही. आणि ती भट्टी माझ्या अब्बांनी स्वतःच्या हातांनी बांधली, कंबर मोडेपर्यंत. याने तेव्हा एक वीटसुद्धा उचलून दिली नाही. कपडे खराब होतील म्हणाला. ती भट्टी याच्या हातात गेली तर अब्बा कबरीत कूस बदलतील."

"खाला, तुमचं काय म्हणणं?"

"मुलगा चहा बरा करतो," खाला म्हणाली. "तेवढं सोडलं तर आपा म्हणतात तेच."

न्यायाधीशांनी फार वेळ घेतला नाही. नवऱ्याने दोन वर्षं सांभाळलं नाही आणि पुढेही सांभाळता येणार नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे. तेव्हा हा निकाह कोर्ट तोडत आहे. मेहेर बाईंचा, चिमणीसकट. इद्दतीचा, म्हणजे निकाह तुटल्यावर दुसरं लग्न न करता घरात राहायच्या तीनेक महिन्यांचा, बाईंचा खर्चही त्याच्यावर. "तो मी वसूल करीन," नणंद म्हणाली, आणि ते कसं, हे कुणीही विचारलं नाही.

अत्तरमियाँ खोलीबाहेर पडताना पाववालीजवळ क्षणभर थांबला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. "तो फोटो..." तो म्हणाला, आणि न्हाव्याला बघून पुढचं गिळून चालू पडला.

 बाहेर आल्यावर पाववाली जिन्याच्या पायरीवर बसली. आनंद व्हायला हवा होता, होतही होता, पण त्याच्या खाली कुठेतरी एक बाई अजून बशीने कप झाकत होती, आणि तिला समजावायला थोडा वेळ लागणार होता. वकीलबाई शेजारी बसल्या. "पुढच्या पोरीला मी तुझी युक्ती सांगू का?"

"नको," पाववाली म्हणाली. "एखादा नवरा खरंच ठेवायचा."

इद्दत ती नीट पाळणार होती. पण घरात बसून भट्टी पेटवायला कुणाची मनाई नव्हती, आणि बेकरी घरातच होती. गल्ल्यावर खाला बसली. पहिल्या सकाळी रांग न्हाव्याच्याही पुढे गेली. कुणीच विचारलं नाही, "आला का गं?" म्हातारे गृहस्थ पाव नाकाशी धरून म्हणाले, "अल्हमदुलिल्ला, कसलाच वास नाही."

गर्दी ओसरल्यावर नणंद आली आणि मागच्या दाराने थेट आत गेली. तिने भट्टीच्या विटांवरून हात फिरवला, एका सांध्यावर बोट थांबवलं, तिथला चुना जरा सुटला होता. मग पाववालीकडे न बघता विचारलं, "आता मी तुला काय म्हणू? भाभी तर राहिली नाहीस."

पाववाली पीठ मळत होती. नखं तिने सकाळीच कापून टाकली होती.

"तुम्हाला काय म्हणावंसं वाटतं, आपा?"

नणंदेने सुटलेला चुना नखाने खरवडला. "भाभीच बरं आहे," ती शेवटी म्हणाली. "भावाचं काय ते भाऊ बघेल." आणि बाह्या वर सारून तिने विचारलं, चुना कुठे ठेवला आहे.